रेंजवरचा वाघ कोर्सवर कसा न्यायचा

शनिवारी संध्याकाळी गोल्फच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, सात नंबरच्या आयर्नने (मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे काठी) चाळीस चेंडू मारले. त्यातले तीस तरी एकशे तीस यार्डांच्या पाटीभोवती पडले असतील. घरी येताना सेव-उसळ खाल्ली, दोन मित्रांना फोन करून सांगितलं की आता जमलं बरं का. रविवारी सकाळी साडेसहाला कोर्सवर पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर, उभा राहिलो आणि थेट चेंडूच्या टाळक्यात हाणली. चेंडू गवतातून घरंगळत वीस पावलांवर जाऊन बसला. मागे पुढच्या पाळीचे चौघे हाताची घडी घालून उभे, कडेला दोन मोर. बॅग उचलणारा कॅडी तेव्हा काही बोलला नाही. चालता चालता मात्र हळूच म्हणाला, "गई काले तो बहु सरस मारता हता, साहेब." (काल तर फार छान मारत होतात.) टोमणा नव्हता तो. त्यालाही खरंच कोडं पडलं होतं.

मला ते कोडं सुटायला दीड वर्ष लागलं. रेंजवरचा सराव कोर्सवर उतरतो का, असं आता कोणी विचारलं तर मी सांगतो: उतरतो, पण आपसूक नाही. आणि ज्या सरावानंतर आपण सगळ्यात खूश होऊन घरी जातो, नेमका तोच सगळ्यात कमी उतरतो.

हे कोणासाठी

ज्यांनी चार-सहा महिने कोचकडे ग्रिप, स्टान्स, स्विंग गिरवलाय, रेंजवर चेंडू बऱ्यापैकी उडतोय आणि आता कोर्सवर जायला लागल्यावर सगळं विसकटतंय, त्यांच्यासाठी. आमच्या बडोद्यात अशी माणसं बरीच भेटतात, कारण इथे गोल्फकडे येणारे बहुतेक जण क्रिकेट खेळून आलेले असतात. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातला कोर्सही तसाच. महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९३० च्या दशकात तो युरोपियन पाहुण्यांसाठी करवला आणि १९९० च्या दशकात त्याला नवं रूप देऊन लोकांसाठी उघडला तो त्यांचे नातू समरजितसिंह ह्यांनी, जे स्वतः रणजी खेळलेले.

क्रिकेटवाल्याला गोल्फमध्ये एक वेगळाच त्रास असतो. क्रिकेटमध्ये चेंडू येतो, आपण मारतो. विचार करायला सवडच नसते. इथे चेंडू हलत नाही. तो तुमच्याकडे बघत बसलेला असतो, आणि तुम्ही त्याच्याकडे. ह्या बघाबघीतच निम्मा खेळ बिघडतो. रेंजवर ही बघाबघी होत नाही, कारण तिथे एक चेंडू गेला की दुसरा पायाशी हजर असतो.

पायरी १: रेंज काय काय फुकट देते ते ओळखा

पुढच्या वेळी रेंजवर गेलात की पहिली दहा मिनिटं चेंडू मारूच नका. नुसतं बघा की इथे कोणकोणत्या गोष्टी आपल्याला मदत करतायत.

सगळ्यात मोठी लबाडी मॅटची, म्हणजे ज्या कृत्रिम गवताच्या पट्टीवरून आपण मारतो तिची. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे टेकला, तरी मॅटवरून घसरत पुढे जातो आणि चेंडू बरा उडतो. तुम्हाला वाटतं झकास बसला. हाच फटका गवतावर मारला की क्लब जमिनीत रुततो, मातीचं ढेकूळ चेंडूच्या पुढे जातं आणि चेंडू चाळीस यार्डांवर. म्हणजे फटका दोन्हीकडे सारखाच वाईट होता. मॅटने फक्त तुमची चूक झाकली. हे तपासायला एक रुमाल पुरतो. त्याची घडी घालून चेंडूच्या मागे चार बोटांवर ठेवा आणि मारा. रुमाल उडाला की समजा, फटका फॅट होता, म्हणजे क्लब आधी जमिनीला लागला. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा दहापैकी सात वेळा रुमाल उडाला. ज्या आयर्नची मी फुशारकी मारत होतो, त्याच आयर्नने. कान लावलात तर आवाजावरूनही कळतं: नीट बसलेल्या फटक्याला आधी चेंडूची टक ऐकू येते आणि मग जमिनीची धप. फॅट फटक्यात धप आधी येते.

मॅटची दुसरी मदत तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तिच्या कडा सरळ समोर रोखलेल्या असतात. तुम्ही पाय त्या कडेला समांतर ठेवता आणि नेम आपोआप लागतो. कोर्सवर ही रेघ नसते. उलट टीचा चौथरा कधीकधी फेअरवेऐवजी (होलकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) भलत्याच झाडाकडे तोंड करून असतो, आणि आपण सवयीने त्याच्याच दिशेने उभे राहतो. मग चेंडू झाडात गेला की स्विंगला शिव्या. स्विंग बिचारा बरोबर होता, उभं राहणं चुकलं होतं.

रेंजचे चेंडू हजार फटके खाऊन झिजलेले असतात, काही तर मुद्दाम कमी उडणारे बनवलेले असतात. त्यामुळे रेंजच्या पाटीवरून आपलं अंतर ठरवू नका. ते कोर्सवर, स्वतःच्या चेंडूने, पावलं मोजून ठरवायचं असतं.

आता वेळेचा हिशेब करा, तो मला सगळ्यात बोलका वाटतो. नवखा माणूस अठरा होलला समजा शंभर फटके घेतो. एका स्विंगला दोन सेकंद धरले तरी सगळे मिळून साडेतीन मिनिटंसुद्धा होत नाहीत. फेरी चालते चार तास. बाकीचा वेळ चालणं, थांबणं, चेंडू शोधणं, क्लब निवडणं आणि आधीच्या फटक्याबद्दल स्वतःवर चिडणं. पार बहात्तरच्या, म्हणजे बहात्तर फटक्यांत पुरा व्हावा अशा कोर्सवर ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचा क्लब) काढायची वेळ फार तर चौदा वेळा येते, म्हणजे सरासरी सतरा मिनिटांनी एकदा. रेंजवर आपण चौदा ड्राइव्ह पाच मिनिटांत उडवतो. तिसऱ्या-चौथ्या फटक्यापासून हाताला लय सापडते आणि पुढचे दहा सुरेख जातात. कोर्सवर हा तिसरा-चौथा फटका कधी येतच नाही. तिथे प्रत्येक ड्राइव्ह पहिलाच असतो.

पायरी २: तीन फेऱ्या नुसतं मोजा

काहीही सुधारायच्या आधी, आपलं नेमकं काय उतरतंय आणि काय नाही ते लिहून काढा. खिशात मावेल अशी छोटी वही आणि पेन्सिल घ्या. मोबाइल नको, तो काढला की त्यात दुसरंच काही दिसतं.

रेंजवर दोन झाडं किंवा दोन पाट्या अशा निवडा की त्यांच्यामध्ये साधारण तीस यार्डांची जागा राहील. हा तुमचा फेअरवे. तयारीचे दहा-बारा फटके झाले की ड्रायव्हरने चौदा चेंडू मारा, पण प्रत्येक चेंडूनंतर क्लब बॅगेत ठेवा, दहा पावलं मागे जा, पाणी प्या, परत या. चौदापैकी किती फेअरवेत गेले ते लिहा. मग कोर्सवर तीन फेऱ्यांमध्ये तोच आकडा लिहा. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू घरंगळवत होलात घालायच्या फटक्याला पट म्हणतात; दर होलला असे किती पट मारावे लागले तेही लिहा. बस्स, एवढंच. स्कोअर वेगळा लिहूच नका; तो ह्या कामाला उपयोगी नाही, आणि मन मात्र खातो.

माझे पहिले आकडे असे होते: रेंजवर न थांबता मारले तर चौदापैकी अकरा, थांबून थांबून मारले तर सात, कोर्सवर तीन. हे तीन आकडे शेजारी शेजारी पाहिले तेव्हा पहिल्यांदा कळलं की अकराचे तीन होतात ह्यात अर्धी गळती तर रेंजवरच होते, नुसतं थांबल्याने. मोर, राजवाडा, मागे उभे असलेले चौघे ह्यांचा दोष उरलेल्या अर्ध्यापुरता. मी सगळा दोष माझ्या घाबरटपणाला देत होतो, ते चूक होतं.

पायरी ३: बकेट वाटून घ्या

ह्या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा.

लहानपणी पाढे म्हणायचो ते आठवा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, अशी गाडी एकदा सुटली की झोपेतही एकशे सत्तरपर्यंत जायची. मग आजोबा मध्येच विचारायचे, "सतरा सत्ते?" की बोलती बंद. मनातल्या मनात परत सतरा एकेपासून चढत यावं लागे. एकाच क्लबने एकाच पाटीवर चाळीस चेंडू मारणं म्हणजे ओळीने पाढा म्हणणं. कोर्स आजोबांसारखा आहे. तो उलटसुलट विचारतो आणि एकदाच विचारतो.

ह्यावर प्रयोग झालेले आहेत, आणि जुने आहेत. १९७९ साली अमेरिकेत शे आणि मॉर्गन ह्या दोघांनी लोकांना हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या: लाकडी फळ्या ठरलेल्या क्रमाने झटपट पाडायच्या. एका गटाने एक हालचाल पुरी घोटून मग दुसरी घेतली. दुसऱ्या गटाने तिन्ही मिसळून केल्या. सराव चालू असताना ओळीने करणारे पुढे होते. पण थोड्या वेळाने, आणि पुन्हा दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा मिसळून करणारे सरस ठरले. १९८६ मध्ये गुड आणि मॅगिल ह्यांना बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकवताना असंच दिसलं. मैदानावरच्या पुढच्या प्रयोगांत हा फरक दर वेळी इतका ठळक निघालेला नाही, आणि अगदी कोऱ्या पाटीच्या शिकाऊला आधी ओळीनेच घोटावं लागतं, हेही खरं. सतराचा पाढाच येत नसेल तर उलटसुलट काय विचारणार?

म्हणून मी पन्नास चेंडूंची बकेट अशी वाटतो.

पहिले दहा अंग मोकळं करायला. वेजने (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) छोटे फटके, मग हळूहळू मोठे. कुठे पडतात ते बघायचं नाही.

पुढचे पंधरा ओळीने, एकाच क्लबने. कोचने ह्या आठवड्यात जे सांगितलंय, तेवढंच. खांदा वळत नसेल तर खांदा. इथे चेंडू वाईट गेला तरी हरकत नाही, हालचाल बरोबर झाली का एवढंच बघायचं. रुमाल इथेच ठेवायचा.

उरलेल्या पंचवीस चेंडूंत एकच क्लब लागोपाठ दोनदा धरायचा नाही, आणि एकाच ठिकाणी दोनदा मारायचं नाही. सगळ्यात सोपं म्हणजे डोक्यात कोर्स खेळायचा. तुमच्या ओळखीचा पहिला होल डोळ्यांपुढे आणा. ड्रायव्हर मारा. खऱ्या कोर्सवर हा कुठे गेला असता? उजवीकडे झाडात? मग पुढचा फटका झाडाखालून बाहेर काढायचा: पाच नंबरचा आयर्न, अर्धा स्विंग, चेंडू कमरेच्या वर जाता कामा नये. मग ग्रीन नव्वद यार्डांवर, वेज काढा. असे सहा-सात होल होतात. एकही फटका परत मारायचा नाही. हाच नियम सगळ्यात जड जातो. खराब फटका गेला की हात आपोआप दुसरा चेंडू ओढतो, "एक अजून" म्हणून. तो ओढू द्यायचा नाही. जो फटका परत मारून तुम्ही दुरुस्त केलात, तो कोर्सवर कधीच दुरुस्त होणार नाही; आणि डोक्याला मात्र वाटत राहतं की हा आपल्याला येतो.

दोन गोष्टींची आधीच कल्पना देऊन ठेवतो. एक, ह्या पंचवीस चेंडूंना चाळीस मिनिटं लागतात आणि शेजारच्या मॅटवरचा माणूस तोवर दोन बकेटी संपवून तुमच्याकडे दयेने बघत असतो. दुसरी, तुम्ही आधीपेक्षा वाईट दिसता. पहिले तीन आठवडे मी रोज घरी जाऊन म्हणायचो की माझा खेळ गेला. बायको म्हणाली, होता कधी? तरी सोडू नका. ह्या सरावात तंद्री लागत नाही, दर चेंडूला डोकं चालवावं लागतं आणि तासाभरात माणूस दमतो. तसं दमायला झालं नाही, तर पंचवीस चेंडू ओळीनेच मारले असणार.

पायरी ४: फटक्याआधीचं अर्धं मिनिट

रेंज आणि कोर्स ह्यांच्यात एकच गोष्ट हुबेहूब सारखी ठेवता येते, ती म्हणजे फटक्याआधी तुम्ही काय करता. गवत बदलेल, वारा बदलेल, बघणारे बदलतील. तुमची ती वीस-तीस सेकंदं बदलू नयेत.

माझी पद्धत साधी आहे. चेंडूच्या मागे उभं राहून लांबचं लक्ष्य बघायचं. मग त्या रेषेत चेंडूपासून हातभर पुढे काहीतरी जवळची खूण शोधायची: सुकलेलं पान, जुना डिव्हट (फटक्याने गवत उखडलेली जागा), गवताचा पिवळा ठिपका. दोनशे यार्डांवरच्या झाडावर नेम धरण्यापेक्षा हातभर अंतरावरच्या पानावर क्लबचं तोंड रोखणं कितीतरी सोपं. आणि चौथरा भलतीकडे तोंड करून असला तरी हे पान खोटं बोलत नाही. एक सरावाचा स्विंग, गवताला घासून. मग क्लब पानाच्या रेषेत, पाय त्यानुसार, एकदा वर बघायचं आणि मारायचं. शेवटची नजर आणि स्विंग ह्यांच्यात जितकी पोकळी जास्त, तितके विचार त्यात शिरतात. नियमांची शिफारस फटक्याला चाळीस सेकंदांहून जास्त वेळ घेऊ नये अशी आहे; हे सगळं त्यात आरामात बसतं.

त्या क्षणी मनात काय असावं? नवखे एकदम सहा सूचना घेऊन उभे राहतात: डावा हात सरळ, डोकं खाली, वजन पुढे. गाब्रिएला वुल्फ ह्या संशोधिकेने सहकाऱ्यांबरोबर १९९९ मध्ये नवशिक्यांना छोटे पिच फटके शिकवताना एक तुलना केली. काहींना हातांच्या झोक्याकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना क्लबच्या झोक्याकडे. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे चेंडू लक्ष्याच्या जास्त जवळ पडले, सरावातही आणि नंतरच्या परीक्षेतही. तेव्हा अंगाच्या सूचना त्या पंधरा चेंडूंपुरत्या ठेवा. उरलेल्या पंचवीसांत आणि कोर्सवर फक्त क्लब आणि ते पान.

पायरी ५: ग्रीनजवळ एकच चेंडू

पटिंग ग्रीनवर तीन चेंडू टाकून त्याच जागेवरून तीनदा मारणं ही आपल्या सगळ्यांची जुनी खोड. पहिला थोडा कमी पडतो, दुसरा जवळ जातो, तिसरा आत. आपल्याला वाटतं, जमतंय. कोर्सवर तुमच्याकडे फक्त पहिला असतो. म्हणून एकच चेंडू घ्या. एका होलपासून दुसऱ्याकडे, लांब, जवळ, चढ, उतार, आणि चेंडू आत पडेपर्यंत प्रत्येक पट पुरा करा. दीड-दोन फुटांचा उरला म्हणून उचलून घेऊ नका. होलचा व्यास १०८ मिलिमीटर आणि चेंडूचा जेमतेम ४२.६७, जागा भरपूर आहे, तरी दोन फुटांवरून चुकतं, आणि ते कोर्सवर पहिल्यांदा कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

अपेक्षाही जरा ताळ्यावर आणा. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट आत घालतात. आपण आठ फुटांवरून चुकलो की पटर बदलायच्या गोष्टी करतो.

चिपिंगचा (ग्रीनच्या कडेवरून मारायचा छोटा फटका) माझा आवडता खेळ: ग्रीनभोवती नऊ जागा निवडा, मुद्दाम वाईट. एक टक्कल पडलेल्या जमिनीवर, एक उंच गवतात, एक उतारावर जिथे डावा पाय खाली जातो. प्रत्येक जागेवरून एक चिप आणि मग पट करून होल पुरा. नऊ जागांना दोन-दोन फटके म्हणजे अठरा. मला पहिल्यांदा एकोणतीस लागले, आता बावीस-तेवीस लागतात. अठरा कधी लागले नाहीत, लागतील असंही वाटत नाही.

रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा. तिथल्या ग्रीनकीपरचा मुलगा शिव शंकर प्रसाद चौरासिया कोर्सच्या आवारात वाढला, कॅडीचं काम करता करता बघून बघून खेळ शिकला आणि २०१६, २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. चिप आणि पट ह्यांतल्या हातखंड्यामुळे गोल्फवाले त्याच्या आडनावाची मोडतोड करून त्याला 'चिपपटसिया' म्हणतात. ओळीने ठेवलेल्या मॅटांवर चेंडूंच्या राशी फोडून हा हात येत नाही, एवढं त्याच्याकडे बघून मला पटतं.

पायरी ६: कोर्सवर जाताना

फेरीच्या आधी अर्धी बकेट पुष्कळ झाली. त्या वेळी शिकायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. आज चेंडू उजवीकडे वळतोय असं दिसलं, तर तसा वळणार असं धरून थोडं डावीकडे उभं राहायचं. आयत्या वेळी दुरुस्तीला बसलं की फेरीचे पहिले पाच होल त्या भांडणातच जातात. शेवटचा चेंडू त्याच क्लबने मारायचा, ज्याने पहिल्या टीवर मारणार आहात. स्ट्रोक प्ले, म्हणजे एकूण फटके मोजून निकाल लावायच्या स्पर्धेच्या दिवशी खेळाडूने फेरीआधी कोर्सवर सराव करायचा नसतो. पहिल्या टीजवळ पट आणि चिप केलेले चालतात.

क्लब निवडताना सगळ्यात लांब गेलेला फटका विसरा. सात नंबरचा आयर्न एकदा दीडशे गेला म्हणून आपण दीडशेला तोच काढतो, आणि दहापैकी आठ वेळा चेंडू ग्रीनच्या अलीकडे बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. नेहमीचा, बरा-वाईट मिळून जो जातो तो आकडा वहीत लिहा आणि त्यावर विसंबा. हँडिकॅपचंही, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचंही, असंच आहे. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सगळ्यात चांगल्या आठ धरतात. म्हणजे तो तुमच्या चांगल्या दिवसांचा आकडा आहे. बहुतेक रविवारी तुम्ही त्याहून वाईटच खेळणार, आणि त्यात सराव वाया गेला असं काही नाही.

संध्याकाळी कोर्स रिकामा असेल आणि क्लबची परवानगी असेल, तर दोन चेंडूंचा एक खेळ करून बघा. दर वेळी दोन मारायचे आणि दोनांतला वाईट जिथे पडलाय तिथून पुढे खेळायचं. एक सुंदर गेला तरी दुसराही बरा मारावाच लागतो, त्यामुळे पोटात तोच गोळा येतो जो रविवारी पहिल्या टीवर येतो. पाच होल पुरे. मागून कोणी येत असेल तर मात्र हा उद्योग लगेच आवरा. चेंडू शोधायलाही २०१९ पासून तीनच मिनिटं मिळतात, हे आमच्याकडच्या ज्येष्ठांना अजून पटलेलं नाही.

ऋतूचं एक सांगतो. मे महिन्यात आमच्याकडची जमीन तव्यासारखी तापते आणि तशीच कडक होते. क्लब उसळतो आणि चेंडूच्या पोटात लागायचा तो टाळक्यात लागतो. पावसाळ्यात उलट, जरा मागे टेकला की रुतलाच. मॅटला ह्यातलं काहीच ठाऊक नसतं, तिला बारा महिने सारखेच. म्हणून महिन्यातून दोनदा तरी गवतावरून सराव करायला मिळतो का, ते बघा. रेंजवर गवताची पट्टी नसेल तर चिपिंगच्या जागेवर, परवानगी काढून.

तरीही उतरत नसेल तर

चार-सहा आठवड्यांनी वही उघडा. थांबून थांबून मारलेल्या चौदातही आकडा पडलेलाच असेल, तर रोग स्विंगमध्ये आहे. कोचकडे जा, आणि त्याला मिसळून मारलेले चेंडू दाखवा. ओळीने मारलेले दाखवलेत तर तोही फसेल. रेंजवर थांबून बरे जातात आणि कोर्सवर जात नाहीत, असं असेल तर कॅडीला सांगा की माझ्या फटक्याआधीचे सेकंद मोज. मी सांगितलं तेव्हा कळलं की रेंजवर मी वीस सेकंद घेतो, आणि पहिल्या टीवर लोक बघतायत म्हणून नऊ. नुसते ते नऊचे वीस केल्याने काम झालं. ड्राइव्ह ठीक आहेत पण त्यापुढचे फटके बिघडतायत, तर बहुतेक वेळा जमिनीचा उतार किंवा गवत कारण असतं, आणि त्याचा सराव तुम्ही केलेलाच नसतो.

मागच्या महिन्यातले माझे आकडे: रेंजवर न थांबता चौदापैकी दहा, थांबून आठ, कोर्सवर सहा. अकराचे दहा झालेत आणि तिनाचे सहा. कॅडीला वही दाखवली, तर त्याने पहिला रकाना बघून मान हलवली. "रेंज पर तो पहेलां बहु सारुं हतुं, साहेब."